'भावना दुखावल्या' हे कलम कुठलं? बोलण्याच्या हक्काला कायद्यानं घातलेली कुंपणं

व्हॉट्सॲपचं स्टेटस चोवीस तासांनी आपोआप निघून जातं. ऑगस्ट २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांनी ठेवलेल्या स्टेटसवरचा गुन्हा जायला मात्र मार्च २०२४ उजाडला. प्राध्यापक मूळचे काश्मीरचे. ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस, ३७० कलम काढल्यानं आम्ही खूश नाही, आणि पाकिस्तानला १४ ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा, एवढाच मजकूर होता. हातकणंगले पोलीस ठाण्यात जुन्या दंड संहितेच्या १५३-अ कलमाखाली, म्हणजे समाजासमाजांत शत्रुत्व वाढवल्याबद्दल, गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाला शुभेच्छांमध्ये काही गैर दिसलं नाही, पण 'काळा दिवस'वरून त्यांनी गुन्हा रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०२४ ला तो पूर्ण रद्द केला. सरकारच्या निर्णयावर नाराजी दाखवणं हा नागरिकाचा हक्क आहे, असं न्यायालयानं म्हटलं, आणि राज्यघटनेतलं कलम १९(१)(अ) काय सांगतं हे आता पोलिसांनाच शिकवायची वेळ आली आहे, असंही सुनावलं.

अशा प्रकरणात फिर्यादीचं म्हणणं बहुतेक वेळा एका वाक्यात मावतं: आमच्या भावना दुखावल्या. न्यायालय मात्र तिथून पुढे चार-पाच प्रश्न विचारतं आणि त्यांची उत्तरं मिळाली नाहीत तर भावना कितीही खऱ्या असल्या तरी गुन्हा उभा राहत नाही. ते प्रश्न पोस्ट टाकणाऱ्याला माहीत हवेत, तक्रार द्यायला निघालेल्यालाही हवेत.

हक्क कोणाला, कोणाविरुद्ध

१९(१)(अ) मधलं भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य फक्त भारतीय नागरिकांना आहे. परदेशी नागरिकाला कायद्यापुढची समानता (कलम १४) आणि जीविताचं संरक्षण (कलम २१) मिळतं, १९ मिळत नाही.

हा हक्क मुळात सरकारविरुद्धचा आहे. सोसायटीच्या ग्रुपमधून सेक्रेटरीनं काढून टाकलं, कंपनीनं सोशल मीडियाच्या नियमावरून कामावरून कमी केलं, एखाद्या ॲपनं पोस्ट उडवली, की लगेच 'माझं अभिव्यक्ती स्वातंत्र्य' म्हणून उच्च न्यायालयात रिट याचिका करता येईलच असं नाही. तिथे सोसायटीचे उपविधी, नोकरीचा करार, कामगार कायदे यांचा आधार आधी शोधावा लागतो. २०२३ च्या जानेवारीत पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं बहुमतानं १९ आणि २१ हे हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतील असं म्हटलं खरं, पण रोजच्या व्यवहारात ते कसं चालवायचं याची घडी अजून बसलेली नाही. सरकारी नोकराचं आणखी वेगळं. राज्याच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत आणि शासनाच्या धोरणावर उघड टीका केल्यास गुन्हा नसतानाही विभागीय चौकशी लागू शकते.

आठ कारणं, नववं नाही

सरकारला बोलण्यावर बंधन घालायचं तर दोन अटी आहेत. बंधन कायद्यातून आलेलं हवं, साहेबांच्या तोंडी हुकमातून नव्हे. आणि ते कलम १९(२) मधल्या आठ कारणांपैकी एकात बसणारं, शिवाय वाजवी हवं. भारताची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय देशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रूनुकसानी आणि अपराधाला चिथावणी: ही ती आठ. वर ज्या घटनापीठाचा उल्लेख केला त्यांनी हेही एकमतानं सांगितलं की ही यादी पूर्ण आहे, तिच्यात न्यायालयालासुद्धा भर घालता येणार नाही.

यादी पुन्हा वाचून पाहा. 'भावना दुखावणे' तिच्यात नाही. 'सरकारची बदनामी' नाही, 'महापुरुषांचा अपमान' नाही, 'समाजात चुकीचा संदेश जाणे' तर नाहीच.

ही यादी आज दिसते तशी पहिल्या दिवसापासून नव्हती. मुंबईत छापल्या जाणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकाला मद्रास सरकारनं मार्च १९५० मध्ये आपल्या राज्यात बंदी घातली, कारण दिलं सार्वजनिक सुरक्षिततेचं. सर्वोच्च न्यायालयानं मे १९५० मध्ये बंदी उडवली: राज्यच धोक्यात येईल इतकी गोष्ट गंभीर नसेल तर केवळ शांतता बिघडेल म्हणून तोंड बंद करता येणार नाही. त्यावर १९५१ सालच्या पहिल्याच घटनादुरुस्तीनं 'सार्वजनिक सुव्यवस्था', 'परकीय देशांशी मैत्री' आणि 'अपराधाला चिथावणी' ही कारणं आत आली. त्याच वेळी 'वाजवी' हा शब्दही आला. सरकारनं हात लांब केला, पण त्या हातावर मोजपट्टीही बांधली गेली, आणि आज बहुतेक खटले त्या एका शब्दावर लढवले जातात. सार्वभौमता आणि एकात्मतेचं कारण १९६३ च्या सोळाव्या दुरुस्तीचं.

मग २९९ कलम टिकलं कसं?

धार्मिक भावनांबद्दलचं कलम तर आहेच: जुन्या दंड संहितेतलं २९५-अ, आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतलं २९९. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दखलपात्र आणि अजामीनपात्र. भावना यादीत नाहीत तर हे कलम घटनाबाह्य नाही का, हा प्रश्न १९५७ मध्येच सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. उत्तर असं आलं की कलम टिकतं, कारण ते प्रत्येक अपमानाला शिक्षा देत नाही. धर्माचा अपमान 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं' केलेला असेल, भावना भडकवण्यासाठीच केलेला असेल, तेवढ्यालाच देतं. आणि अशा अपमानातून सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका होतो. म्हणजे कलमाचा पाय 'सार्वजनिक सुव्यवस्था' या खांबावर आहे, भावनेवर नाही. अनवधानानं, बेफिकिरीनं किंवा अभ्यासाच्या ओघात कोणाला लागेल असं लिहिलं गेलं, तर ते या कलमात बसत नाही.

दुसरं वारंवार लागणारं कलम म्हणजे १९६, जुनं १५३-अ. धर्म, वंश, भाषा, जात, जन्मस्थान अशा आधारांवर वेगवेगळ्या गटांत शत्रुत्व वाढवणं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. प्रार्थनास्थळी किंवा धार्मिक कार्यक्रमात केलं तर पाच. इथे न्यायालय पहिल्यांदा दोन गट शोधतं. अमुक समाजाला तमुक समाजाविरुद्ध उभं केलं आहे का? केवळ एका गटाच्या भावना दुखावल्या, दुसरा गट चित्रातच नाही, तर शत्रुत्व कोणामध्ये वाढलं? सरकार हा 'गट' नाही, पक्ष हा 'धर्म' नाही. मुख्यमंत्र्यांवरच्या व्यंगचित्राला १९६ लावलेलं दिसलं तर तिथेच शंका घ्यावी.

पुढचा प्रश्न हेतूचा, आणि तो संदर्भातून काढला जातो: बोलणारा कोण, त्याचं वजन किती, समोर कोण होतं, वेळ कुठली. दंगल पेटलेली असताना गल्लीच्या तोंडाशी उभं राहून माइकवरून म्हटलेलं वाक्य आणि तेच वाक्य पीएचडीच्या प्रबंधात, यांत जमीन-अस्मानाचा फरक. इंदिरा गांधींच्या हत्येच्या दिवशी चंडीगढमध्ये एका सिनेमागृहाबाहेर दोघांनी दोन-चार वेळा फुटीर घोषणा दिल्या, लोकांनी लक्ष दिलं नाही, काही घडलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये त्यांना राजद्रोह आणि १५३-अ दोन्हींतून सोडलं.

आणि मग येतं माप. दुखावलं जाणारा माणूस कसा धरायचा? याचं उत्तर नागपूरचं आहे. १९४६ साली तिथल्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं की शब्दांचा परिणाम समजूतदार, खंबीर मनाच्या, धीट माणसाच्या मापानं मोजायचा. दुबळ्या आणि डळमळीत मनाच्या, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्यांच्या मापानं नाही. आधी लिहिलेल्या कोल्हापूरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच माप पुन्हा बाहेर काढलं. मार्च २०२५ मध्ये, एका खासदारांनी सोशल मीडियावर टाकलेल्या कवितेबद्दल गुजरातेत जामनगरला दाखल झालेला गुन्हा रद्द करतानाही तेच वापरलं. त्या प्रकरणात न्यायमूर्तींनी कविता भाषांतर करून ओळीओळीनं वाचली आणि ती हिंसेची नव्हे, उलट अन्याय प्रेमानं झेलण्याची भाषा बोलते असं नोंदवलं. पोलिसांनी हे वाचन आधी केलं असतं तर प्रकरण दिल्लीपर्यंत गेलंच नसतं.

चर्चा, आग्रही प्रचार आणि चिथावणी असे तीन टप्पे सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये वेगळे केले, तेही महाराष्ट्रातल्या घटनेमुळे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याबद्दल फेसबुकवर लिहिणारी पालघरची एक तरुणी आणि ते 'लाइक' करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कलम तेव्हा लावलं होतं. त्यात 'त्रास', 'गैरसोय', 'अतिशय आक्षेपार्ह' असे कुठेही ताणता येणारे शब्द होते. २४ मार्च २०१५ ला ते कलम पूर्ण रद्द झालं. चर्चा आणि प्रचार, कितीही कडू असले तरी, संरक्षित. चिथावणीपाशी आल्यावरच कायद्याचा हात पोचतो. गंमत म्हणजे मेलेलं ६६-अ त्यानंतरही अनेक राज्यांतल्या एफआयआरमध्ये दिसत राहिलं, इतकं की ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश काढून ते कलम लावू नका म्हणून सांगावं लागलं.

डॉक्टर चोर आहे, आणि बिलात ४ हजार जास्त लागले

सामान्य माणूस अडकतो तो या मोठ्या कलमांत कमी आणि अब्रूनुकसानीत जास्त. न्याय संहितेचं कलम ३५६: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा नव्यानं आलेली समाजसेवेची शिक्षा. हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे पोलीस ठाण्यात फार तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होईल; खरा रस्ता म्हणजे ज्याची अब्रू गेली त्यानं स्वतः दंडाधिकाऱ्याकडे खासगी तक्रार करणं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत (कलम २२३) दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, ही पूर्वी नसलेली सोय आहे. फौजदारी तक्रारीला मुदत तीन वर्षांची, दिवाणी नुकसानभरपाईच्या दाव्याला फक्त एका वर्षाची. खूप जणांचा दावा या एका वर्षातच बुडतो.

घटक तीन. एक, आरोप. दोन, तो ज्याच्याबद्दल आहे त्याच्याखेरीज निदान एका तिसऱ्या माणसापर्यंत पोचलेला. तीन, प्रतिष्ठा कमी करण्याच्या हेतूनं किंवा कमी होईल हे ठाऊक असताना केलेला. एखाद्याला एकट्यालाच मेसेज करून शिव्या दिल्या तर अब्रूनुकसानी होत नाही. अपमान किंवा धमकीची वेगळी कलमं लागतील. नाव न घेताही अब्रूनुकसानी होते, 'आपल्या वॉर्डातले चष्मेवाले माजी नगरसेवक' एवढ्यानं ओळख पटत असेल तर. 'फॉरवर्डेड ॲज रिसीव्हड' लिहिल्यानं जबाबदारी झटकता येत नाही. पुढे ढकलणारा माणूसही प्रसिद्ध करणाराच धरला जाऊ शकतो.

आता शब्दांकडे जवळून बघू. 'अमुक हॉस्पिटलचा डॉक्टर चोर आहे, पेशंटना लुबाडतो.' हे विधान वस्तुस्थिती म्हणून केलेलं आहे, पुरावा नाही, आणि चोरी हा गुन्हा असल्यानं आरोपही जड. त्याऐवजी: 'माझ्या आईला १२ तारखेला भरती केलं. आगाऊ सांगितलेला खर्च १८ हजार, अंतिम बिल २२ हजार. जास्तीचे ४ हजार कशाचे हे दोनदा विचारलं, लेखी उत्तर मिळालं नाही. बिलाचा फोटो सोबत. मला ही वागणूक योग्य वाटली नाही.' यात तारीख, आकडा, कागद आहे आणि मत हे मत म्हणून वेगळं काढलेलं आहे. दुसऱ्या मजकुरावर नोटीस आली तरी बचाव हातात तयार असतो. वकील मंडळी पोस्ट तपासताना हेच करतात: प्रत्येक वाक्यापुढे 'पुरावा?' असं लिहितात, आणि जिथे कागद नाही ते वाक्य मतात बदलतात किंवा काढतात.

'खरं आहे ते लिहिलं, मग कसली बदनामी' हे अर्धंच बरोबर. दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव आहे. फौजदारीत कलमाला जे दहा अपवाद आहेत त्यातला पहिला सांगतो की गोष्ट खरी हवी आणि ती सांगण्यात लोकहितही हवं. शेजाऱ्याचा घटस्फोट का झाला हे खरं असेल; ते ग्रुपवर टाकण्यात लोकहित कुठलं? २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवल्यापासून ही बाजू आणखी घट्ट झाली आहे. सार्वजनिक पदावरच्या माणसाच्या कामाबद्दल मात्र सूट मोठी आहे: सद्भावनेनं व्यक्त केलेलं मत अपवादात येतं, आणि सार्वजनिक दस्तऐवजावर आधारलेलं लिहिलं असेल तर १९९४ च्या 'ऑटो शंकर' निकालाचं पाठबळ आहे. माहिती अधिकारात मिळालेला कागद म्हणूनच पोस्टपेक्षा मोलाचा.

वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. 'सात दिवसांत माफी मागा, अन्यथा १ कोटींचा दावा' असा मजकूर जवळजवळ छापील असतो. ती फाडू नये, घाबरून रात्रीत जाहीर माफीही टाकू नये. माफी पुढे कबुली म्हणून वापरली जाऊ शकते. मुदतीत, मुद्देसूद, वकिलामार्फत उत्तर द्यावं. मजकुरातला एखादा आकडा खरंच चुकला असेल तर तेवढी दुरुस्ती तारीख घालून करावी. समोरच्यानं दाव्याची सुनावणी होण्यापूर्वीच लिखाण थांबवण्याचा मनाई हुकूम मागितला तर, खटल्याआधी असे हुकूम सहजासहजी देऊ नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये खालच्या न्यायालयांना बजावलं आहे.

जिथे चांगला हेतू कामाला येत नाही

काही रेषा मात्र कडक आहेत. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. मेणबत्ती मोर्चाच्या फलकावर नाव, फोटो, गावासह आडनाव, शाळेचं नाव, आईवडिलांची मुलाखत, सगळं यात येतं. लोक कळवळ्यानं करतात आणि तरीही अडकतात. पीडिता हयात नसली तरी नाव घेता येत नाही, हे २०१८ च्या निकालात स्पष्ट झालं आहे. पीडित बालक असेल तर पोक्सोच्या (बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम २३ मध्ये किमान शिक्षाच सहा महिने.

अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तीला सार्वजनिकपणे दिसेल अशा ठिकाणी जातीवरून अपमानित करणं, जातिवाचक शिवी देणं, हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा आहे: सहा महिने ते पाच वर्षं. इथे प्राथमिक चौकशीची अट नाही, आणि प्रथमदर्शनी गुन्हा दिसत असेल तर अटकपूर्व जामीनही नाही. फिर्यादी त्या समाजाचा आहे एवढ्यानंच प्रत्येक भांडण या कायद्यात येत नाही. अपमान त्या जातीच्या ओळखीमुळे केलेला असावा लागतो. 'मी विनोद केला' हा बचाव मात्र न्यायालयात फारसा टिकत नाही, आणि टिकू नये.

अश्लीलतेचं माप काळाबरोबर बदललं आहे. १९६२ च्या एका दिवाळी अंकातल्या 'शामा' या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर खटला झाला. उच्च न्यायालयानं दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये सोडलं. २०१४ पासून समकालीन समाजाची कसोटी अधिकृतपणे लागू आहे: आजच्या सर्वसाधारण वाचकाच्या नजरेनं, संपूर्ण कृती वाचून. पण २०१५ मध्ये गांधीजींवरच्या एका मराठी कवितेच्या खटल्यात न्यायालयानं म्हटलं की आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घातली तर हीच कसोटी अधिक कडकपणे लावली जाईल. माफी मागणारे मुद्रक-प्रकाशक सुटले, कवीवरचा खटला चालू ठेवला गेला. आठ कारणांच्या यादीत महापुरुष नाहीत असं वर म्हटलं, ते या निकालानं थोडं धूसर केलं आहे. आमच्या मते हा निकाल फेरविचार व्हावा असा आहे.

पुस्तकबंदीचा मार्ग निराळा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली राज्य सरकार अधिसूचना काढून पुस्तक जप्त करू शकतं, पण कारणं अधिसूचनेतच द्यावी लागतात. आणि दोन महिन्यांत उच्च न्यायालयात, तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे ती आव्हानित करता येते. शिवाजी महाराजांवरच्या जेम्स लेन यांच्या पुस्तकाची बंदी अशीच उठली, सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. प्रकाशकानं पुस्तक २००३ मध्येच भारतातून मागे घेतलं होतं, म्हणजे कायदा जिंकला तेव्हा विकायला काही नव्हतं.

पोलीस ठाण्यातून फोन आला तर

तोंडी बोलावणं आणि नोटीस यांत फरक आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल तर पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची लेखी नोटीस द्यायची असते; जुन्या प्रक्रिया संहितेतली ४१-अ तीच. हजर राहून सहकार्य करत राहिलं तर अटक करायची नाही, करायची झाल्यास कारणं लिहायची. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. तरी मेसेज आला म्हणून दुर्लक्ष करू नये. 'लेखी नोटीस मिळाल्यास हजर राहीन' असं उत्तर पाठवून ठेवावं. आणि व्हिडिओ कॉलवर होणारी 'डिजिटल अटक' हा प्रकारच कायद्यात नाही, तो शुद्ध चोरांचा धंदा आहे.

बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांसाठी सर्वांत उपयोगी तरतूद म्हणजे त्याच संहितेचं कलम १७३(३). तीन वर्षं किंवा त्याहून जास्त पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यात, पोलीस उपअधीक्षकांची परवानगी घेऊन, गुन्हा नोंदवण्यापूर्वी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. १९६ आणि २९९ दोन्ही यात बसतात. जामनगरच्या निकालात न्यायालयानं म्हटलं की अभिव्यक्तीशी संबंधित प्रकरणात अशी चौकशी करणंच योग्य. ठाण्यावर मोर्चा आला आहे, फिर्यादी एफआयआरवर अडून बसलाय, अशा वेळी अधिकाऱ्यालाही हे कलम आडोसा देतं.

मोबाइल ताब्यात घेतला तर पंचनाम्यात मॉडेल, आयएमईआय क्रमांक, सिमकार्ड आणि फोन सीलबंद केल्याची नोंद आहे का ते सही करण्यापूर्वी वाचावं. झडती-जप्तीचं चित्रीकरण आता कलम १०५ नुसार बंधनकारक आहे. पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का यावर न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत, त्यामुळे वकिलाशी बोलल्याशिवाय तिथे निर्णय घेऊ नये. अटक झालीच तर कारणं लेखी, कळेल त्या भाषेत मिळाली पाहिजेत आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केलं पाहिजे.

गुन्हा रद्द करायचा अर्ज उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली (जुनं ४८२). जुन्या वकिलांच्या तोंडी अजून '४८२' बसलंय. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, तेव्हा फोनवर कलम ऐकताना कुठल्या संहितेतलं ते विचारून घ्यावं. अर्जात सबंध मजकूर, त्याचं भाषांतर आणि आगेमागेचा संदर्भ जोडावा. एफआयआरमध्ये बहुधा एकच ओळ उचललेली असते. शिवाय १९६ आणि २९९ मध्ये सरकारची पूर्वपरवानगी (कलम २१७) असल्याशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही. दोषारोपपत्र आल्यावर ती परवानगी कागदांत आहे का हे पहिल्यांदा शोधावं. कित्येक खटले इथेच अडकतात.

तक्रार देणाऱ्यांच्या चुकाही ठरलेल्या. कापलेला स्क्रीनशॉट, लिंक नाही, तारीख-वेळ नाही, कोणत्या गटाविरुद्ध कोणत्या शब्दांनी चिथावलं याचा उल्लेख नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा खास सांकेतिक क्रमांक) द्यावी लागते. ते नसेल तर स्क्रीनशॉट म्हणजे नुसतं चित्र. ग्रुपच्या ॲडमिनचं नाव सरसकट आरोपीत घालण्याचीही सवय आहे. नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये स्पष्ट केलंय की सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिन आपोआप जबाबदार नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दाखवावा लागतो.

राहिला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: पोस्ट डिलीट करावी का? चूक लक्षात आल्याबरोबर, तक्रार होण्याआधी काढली तर ती पश्चात्तापाची खूण धरली जाते. मे २०२५ मध्ये पुण्याच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीनं 'ऑपरेशन सिंदूर'वरची पोस्ट पुन्हा शेअर करून थोड्याच वेळात काढली, माफीही मागितली. तरी अटक झाली आणि कॉलेजनंही काढलं. मुंबई उच्च न्यायालयानं तिला परीक्षेला बसता यावं म्हणून सोडण्याचा आदेश देताना सरकारला खडसावलं, त्यात पोस्ट काढून टाकणं तिच्या बाजूनं मोजलं गेलं. पण नोटीस हातात पडल्यानंतर पुसलेली तीच पोस्ट पुरावा नष्ट करण्याच्या स्वतंत्र गुन्ह्यात (न्याय संहितेचं कलम २४१) मोजली जाऊ शकते. तेव्हा आधी पूर्ण धाग्याची, कमेंट्ससह, तारखेसकट प्रत काढून वकिलाकडे द्यावी, मग काय ते ठरवावं.